न चाखलेलं सॅलड

ज्या पदार्थात काही शिजवायचं नसतं तो सोपा, असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा वस्तादांच्या भटारखान्यात परीक्षेला उभं राहावं. वस्ताद म्हणजे त्या हॉटेलचे मुख्य आचारी. तीस वर्षं त्यांनी माणसं निवडली ती एकाच परीक्षेवर. टोमॅटोचं सॅलड करा, वर साधं ड्रेसिंग घाला आणि ताट पुढे ठेवा. "रस्सा बिघडला तर मसाल्याआड दडवता येतो," ते म्हणायचे, "कच्च्या टोमॅटोला दडायला जागाच नाही." भले भले आचारी या टोमॅटोपायी घरी गेले होते.

त्या दिवशी सकाळी दहाला दोन उमेदवार हजर होते. पहिला मिशीवाला. चाळिशीचा, जाडजूड, पाच-सहा हॉटेलांचं पाणी प्यालेला, स्वतःच्या सुऱ्या कापडी गुंडाळीत घेऊन आलेला. दुसऱ्या छटाबाई. वय बावन्न, डोळ्याला चष्मा, पायात बंद बूट, खांद्यावर पर्स, आणि हॉटेलात काम केल्याचा अनुभव शून्य.

छटाबाई हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. रंगाच्या कारखान्यात सव्वीस वर्षं त्या प्रयोगशाळेत होत्या. गिऱ्हाइकाने भिंतीचा टवका आणून दाखवावा आणि म्हणावं, अगदी असाच रंग हवा. मग छटाबाईंनी थेंबाथेंबाने काळा, पिवळा, तांबडा घालत तो तसाच्या तसा जुळवून द्यावा. दोन पांढऱ्यांमधला फरक त्यांना दारातून कळायचा. कारखान्यात कुणी त्यांना नावाने हाक मारली असेल तर ती पगाराच्या पाकिटावरच. चार महिन्यांपूर्वी कारखाना बंद झाला. मालकाच्या मुलांना रंगात रस उरला नव्हता.

घरी नवरा म्हणाला, "खूप केलंस. आता बस निवांत." बोलला तो प्रेमानेच, पण छटाबाईंना निवांत बसणं जमेना. पहिल्या आठवड्यात त्यांनी मसाल्याच्या बरण्या फिक्यापासून गडदपर्यंत लावल्या. दुसऱ्या आठवड्यात नवऱ्याचे मोजे लावले. तिसऱ्या आठवड्यात नवराच म्हणाला, "बाई गं, तू काम शोध." त्यांनी नऊ ठिकाणी अर्ज केले. आठ ठिकाणांहून वयाचं कारण आलं किंवा काहीच आलं नाही. नववं हे हॉटेल. थंड पदार्थांच्या टेबलासाठी माणूस हवा होता, सॅलडं आणि ड्रेसिंगं करणारा. अर्जात छटाबाईंनी लिहिलं होतं, 'मिश्रणाचा सव्वीस वर्षांचा अनुभव.' त्यात खोटं काहीच नव्हतं.

ही नोकरी त्यांना हवीच होती. घर चालत होतं, पोटाची चिंता नव्हती. पण सकाळी आठ वाजता कुठेतरी पोचायचं आहे, तिथे आपल्या हातावाचून कुणाचं तरी अडणार आहे, ही गोष्ट गेल्यापासून त्यांना स्वतःच्याच घरात पाहुणी झाल्यासारखं वाटत होतं. इथूनही परत जावं लागलं तर दहावा अर्ज करायचं बळ आपल्यात नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. अर्थात चेहऱ्यावर त्यातलं काही नव्हतं. चेहऱ्यावर होतं ते एवढंच की, सॅलड ना? माझ्या हातचं सॅलड खाऊन माझी लेक लहानाची मोठी झाली आहे.

भटारखाना लांबट आणि अरुंद होता. दोन्ही बाजूंना स्टीलची टेबलं, मध्ये जेमतेम दोन माणसं एकमेकांना ओलांडतील एवढी वाट. एका टोकाला शेगड्या आणि वर धुराडं, दुसऱ्या टोकाला मागच्या गल्लीत उघडणारी खिडकी, खिडकीखाली टोमॅटोचा क्रेट. वस्तादांनी घड्याळाकडे बोट केलं.

"चाळीस मिनिटं. फळीवर आहे ते सगळं वापरा. मला काही विचारायचं नाही. दोघांनी एकेक ताट."

"ताई, आधी तुम्ही घ्या टोमॅटो," मिशीवाला दिलदारपणे म्हणाला आणि त्याने हसू मिशीत दाबलं. चष्मा लावून आलेली ही बाई पाच मिनिटांत रडकुंडीला येईल, असा त्याचा होरा होता.

छटाबाई क्रेटपाशी गेल्या आणि त्यांनी पहिल्यांदा खिडकी पूर्ण उघडली. दिव्याच्या उजेडात रंग बघणं त्यांच्या लेखी पापच होतं. मग एकेक टोमॅटो उचलून त्यांनी तीन ढीग केले. देठाशी हिरवट झाक असलेले एकीकडे. वरून लाल पण आतून पिठूळ असणारे, ज्यांचा लाल किंचित दुधाळ दिसतो, ते दुसरीकडे. आणि ज्यांचा लाल खोल उतरलेला होता, जे बोटाखाली थोडे दबून पुन्हा वर येत होते, ते आठ टोमॅटो त्यांनी आपल्या टेबलावर नेले. वस्ताद हाताची घडी घालून बघत होते. त्यांची एक भुवई वर गेली. क्रेटमधले सर्वांत चांगले आठ टोमॅटो त्यांनी स्वतः निवडले असते तर हेच निवडले असते.

मग सुरी. छटाबाईंनी फळीवरच्या तीन सुऱ्या अंगठ्याच्या नखावर टेकवून पाहिल्या आणि तिसरी घेतली. बोथट सुरी टोमॅटो कापत नाही, चिरडते. त्यांनी देठाकडचा कडक भाग तिरक्या टोकाने काढला, टोमॅटोच्या जाडसर फोडी केल्या, चाळणीत पसरल्या, वरून मीठ भुरभुरवलं आणि चाळणी एका वाडग्यावर ठेवून दिली. फोडींचं जास्तीचं पाणी आधी निघून गेलं की ड्रेसिंग फोडीला धरून राहतं, नाहीतर ताटात तळं साचतं. हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. ओल्या भिंतीवर रंग बसत नाही, हे ज्याला कळतं त्याला हेही कळतं.

पलीकडे मिशीवाल्याचं काम जोरात चाललं होतं. त्याचा हात वेगवान होता, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण दर दोन मिनिटांनी त्याचं बोट तोंडात जाई. तेलात बोट, तोंडात बोट. व्हिनेगरमध्ये चमचा, तोंडात चमचा. छटाबाईंना ते बघवेना. हा माणूस स्वयंपाक करतोय की न्याहारी, असं त्यांच्या मनात आलं आणि त्यांनी पाठ फिरवली.

आता इथे एक सांगायला हवं. छटाबाई कधीही काहीही चाखत नसत. प्रयोगशाळेत पहिल्या दिवशी साहेबांनी त्यांना एकच नियम सांगितला होता: इथली कोणतीही वस्तू तोंडाजवळ न्यायची नाही. पेन चावायचं नाही, बोट जिभेला लावून कागद उलटायचा नाही, चहा बाहेर. रंगात शिसं असायचं, अजून काय काय असायचं. एकदा एका मदतनिसाने सवयीने काडी दातांत धरली तेव्हा साहेबांनी त्याला सबंध दुपार नळाखाली चुळा भरायला लावल्या होत्या. सव्वीस वर्षांत हा नियम छटाबाईंच्या हाडीमासी गेला. घरीसुद्धा ओट्याशी उभं राहून मिश्रण तोंडाला लावायला त्यांचा हात उचलायचाच नाही. "अगं, मीठ बघ गं," अशी हाक त्या लेकीला मारायच्या. लेक यायची, चाखायची, मान डोलवायची. लेक लग्न होऊन गेल्यावर नवरा बघू लागला. छटाबाई स्वतः जेवायला बसत तेव्हाच त्यांना आपल्या हातची चव कळे, आणि त्या बसत सगळ्यांच्या शेवटी. जित्याची खोड, दुसरं काय!

तर, ड्रेसिंग. फळीवर तेलाची बाटली होती, मिरपूड होती, लसूण होता आणि वस्तादांच्या अक्षरात 'व्हिनेगर' लिहिलेली काचेची बाटली होती. छटाबाईंचं प्रमाण ठरलेलं: तीन चमचे तेलाला एक चमचा व्हिनेगर. त्यांनी लसणाची अर्धी पाकळी मिठाबरोबर चेचून गंध केलं, त्यात व्हिनेगर घातलं आणि वरून तेलाची धार धरली, दोऱ्याइतकी बारीक, दुसऱ्या हाताने सतत घोटत. तेल आणि व्हिनेगर ही दोन भांडकुदळं. घाई केली की फारकत घेतात. पण छटाबाईंच्या हाताखाली दोघं मुकाट्याने एक झाली. चमचा उचलून त्यांनी उजेडात धरला. दाटपणा बरोबर, चकाकी बरोबर, चमच्याच्या पाठीवर पातळ, सलग थर. डोळ्यांनी पास केलं म्हणजे झालं.

कांद्याच्या कागदासारख्या चकत्या, वर टोमॅटो, त्यावर ड्रेसिंग, हाताने हलकेच दोनदा खालीवर, शेवटी मिरपूड. चाळीसपैकी सदतीस मिनिटांत ताट तयार झालं. ते इतकं देखणं होतं की मिशीवाल्यानेही मान वळवून दोनदा पाहिलं. छटाबाईंनी टेबल पुसलं, सुरी धुतली आणि त्या हात बांधून उभ्या राहिल्या. नोकरी खिशात आहे, याबद्दल त्यांना शंका उरली नव्हती.

वस्तादांनी आधी मिशीवाल्याचं ताट घेतलं. दोन घास खाल्ले. "चव चांगली आहे. पण ताटात पोहायला पाणी आहे." मिशीवाला ओशाळं हसला. मग वस्ताद छटाबाईंच्या ताटापाशी आले. आधी नुसतं बघितलं, ताट एकदा गोल फिरवलं. "वा," ते म्हणाले. "असं कापलेलं बऱ्याच वर्षांत बघितलं नाही." आणि त्यांनी घास घेतला.

छटाबाईंची नजर त्यांच्या चेहऱ्यावर होती. सव्वीस वर्षं त्यांनी आपला स्वयंपाक असाच वाचला होता, खाणाऱ्याच्या तोंडावरून. त्यामुळे वस्ताद काही बोलायच्या आधीच त्यांना कळलं. वस्तादांचे डोळे बारीक झाले, गाल आत गेले आणि त्यांनी घास कसाबसा गिळला.

"बाई, हे तुम्ही चाखलंत?"

"नाही."

"विसरलात?"

"विसरले नाही. मी चाखत नाही."

मिशीवाल्याच्या घशातून एक आवाज निघाला. वस्तादांनी ती काचेची बाटली फळीवरून काढून टेबलावर ठेवली.

"हे व्हिनेगर बाजारातल्यापेक्षा दुप्पट जहाल आहे. मी मुद्दाम आणतो. पाणी घालून वापरायचं असतं. बाटलीवर लिहीत नाही, कारण ज्याची जीभ जागी आहे त्याला लिहून द्यावं लागत नाही. याला बघा, पहिल्या चमच्यात कळलं." त्यांनी मिशीवाल्याकडे मान केली. "तुमचा हात सोन्यासारखा आहे हो. पण आपण केलेलं जो स्वतः खात नाही, त्याने केलेलं मी लोकांना कसं खाऊ घालू?"

छटाबाईंनी बाटलीवरचं लेबल पुन्हा वाचलं. बाटलीवर लिहिलं आहे म्हणजे आत तेच आणि तेवढंच असणार, हा प्रयोगशाळेतला विश्वास. तिथे लेबलात चूक म्हणजे गुन्हा होता. पण हे सगळं इथे सांगून काय उपयोग? चूक त्यांचीच होती. वस्तादांनी ताट उचललं आणि ते खरकट्याच्या बादलीकडे वळले.

"थांबा," छटाबाई म्हणाल्या. आवाज असा निघाला की शेगडीवर काही शिजत असतं तर तेही थांबलं असतं. "बॅच फेकायची नसते."

"काय?"

"चुकलेली बॅच फेकायची नसते, वस्ताद. घातलेलं काढता येत नाही, पण त्यात घालून ती जाग्यावर आणता येते. सव्वीस वर्षं मी हेच केलंय. लोकांनी बिघडवलेले रंग माझ्याकडे यायचे. मला दहा मिनिटं द्या."

वस्तादांनी त्यांच्याकडे पाहिलं, ताटाकडे पाहिलं. "दहा मिनिटं देतो. पण एका अटीवर. तुम्ही माझ्यासमोर चाखायचं."

"चाखीन," छटाबाई म्हणाल्या. बोलून तर गेल्या.

ताटातलं सगळं त्यांनी पुन्हा चाळणीत घेतलं. खाली निथळलेलं ड्रेसिंग वाटीत जमा झालं. त्यात चमचा बुडवला, वर उचलला आणि हात हनुवटीपाशी येऊन थांबला. पुढे जाईना. मनाने हो म्हटलं होतं, पण हाताला ते कुणी कळवलं नव्हतं. कपाळावर घाम आला. मिशीवाला बघतोय, वस्ताद बघताहेत, घड्याळाचा काटा पुढे चाललाय आणि आपण बावन्न वर्षांच्या बाई एक चमचा तोंडात घालू शकत नाही! त्यांना स्वतःचाच राग आला, आणि त्या रागाच्या भरात चमचा आत गेला.

काय आंबट होतं म्हणता! डोळ्यांतून पाणी आलं, कानशिलं बधिर झाली. वस्तादांनी एवढा सबंध घास गिळला कसा, याचं त्यांना आश्चर्य वाटलं आणि त्या माणसाबद्दल आदर वाढला. पण दुसऱ्याच क्षणी त्यांच्या लक्षात आलं की हे तर ओळखीचं काम आहे. एक रंग फार चढलाय. बाकीचे त्याच्याखाली शाबूत आहेत. लसूण आहे, मीठ आहे, फक्त दिसत नाहीत. मग कशाला घाबरायचं?

त्यांनी आधी तेल घातलं, घोटलं, चाखलं. धार कमी झाली पण आता जड वाटू लागलं. पहिल्या चाळणीखालच्या वाडग्यात टोमॅटोचं खारट, गोडसर पाणी होतं, त्यातलं दोन चमचे घातलं. चाखलं. अरे! ते एकदम हलकं झालं आणि लसूण पुढे आला. चिमटीत मावेल एवढी साखर. चाखलं. नुसत्या चमच्यावर चव फसवते, म्हणून मग फोडीला लावून चाखलं. ओला रंग आणि सुकलेला रंग यांत जेवढं अंतर, तेवढंच इथेही होतं. तेव्हा अजून थोडी मिरपूड. उरलेल्यांतल्या दोन टोमॅटोंच्या ताज्या फोडी केल्या, आधीच्या फोडींत मिसळल्या, म्हणजे त्यांनी पिऊन घेतलेला आंबटपणा वाटला गेला. पुन्हा चाखलं. आणि पुन्हा. हे शेवटचं 'पुन्हा' खरं तर गरजेचं नव्हतं. ती फोड त्यांनी केवळ आवडली म्हणून खाल्ली.

एवढी वर्षं ही गंमत आपण दुसऱ्यांना वाटून टाकत होतो, असं छटाबाईंच्या मनात आलं. लेक दाराशी यायची, चमचा चाटायची, "मस्त गं आई" म्हणायची आणि पळायची. तिच्या त्या दोन शब्दांवर आपण रात्रभर खूश. स्वतःला कधी विचारलंच नाही, बाई, तुला कसं वाटतंय? त्यांना थोडं वाईट वाटलं, थोडं हसू आलं. मग मिनिटं मोजकीच उरली होती म्हणून त्यांनी दोन्ही आवरलं आणि ताट लावलं.

वस्ताद काटा घेऊन आले. ताटापर्यंत आले आणि थांबले.

"आधी तुम्ही सांगा. कसं झालंय?"

हा प्रश्न छटाबाईंना आजवर कुणी विचारला नव्हता. हा प्रश्न त्या विचारायच्या, लोक उत्तर द्यायचे. मिशीवालाही कान टवकारून उभा होता. छटाबाईंनी वस्तादांच्या चेहऱ्याकडे पाहिलं नाही, तिथे अजून काही लिहिलेलंच नव्हतं. त्यांनी ताटाकडे पाहिलं.

"छान झालंय," त्या म्हणाल्या. "टोमॅटो टोमॅटोसारखा लागतोय, आंबट मागे आहे, लसूण नुसता ओळख दाखवून जातो. फक्त डाव्या बाजूला कांदा थोडा जास्त झालाय. तेवढा काढला तर बोट ठेवायला जागा नाही."

"असं?"

"असंच. खाऊन बघा."

वस्तादांनी उजवीकडचा घास घेतला. शांतपणे चावला. मग डावीकडचा घेतला. मग पुन्हा उजवीकडचा, आणि परीक्षेत तिसरा घास घेताना त्यांना आजवर कुणी पाहिलं नव्हतं. मिशीवाल्याने आपल्या सुऱ्या गुंडाळायला सुरुवात केली. माणूस वाईट नव्हता, जाताना छटाबाईंना म्हणाला, "ताई, ते मिठाचं आणि चाळणीचं मी उचललं बरं का."

वस्तादांनी काटा खाली ठेवला.

"उद्या सकाळी आठ वाजता या," ते म्हणाले. "आणि तो डावीकडचा कांदा काढा. जास्त आहे."

छटाबाईंनी कांद्याची ती चकती दोन बोटांनी उचलली. बादली हाताशीच होती. पण त्यांनी चकती ड्रेसिंगमधून एकदा फिरवून घेतली आणि तिथेच उभ्या उभ्या खाऊन टाकली.